आजीबाईंची पाटी आणि जिल्ह्याचे दप्तर

८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाचे निमित्त साधून, ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या लहानशा गावी एक शाळा सुरू झाली. प्रवेशासाठी वयाची अट होती, पण ती उलटी : साठी ओलांडलेली हवी. गुलाबी साडी नेसलेल्या, खांद्याला दप्तर अडकवलेल्या आजीबाई दुपारची कामे उरकून शाळेत येऊ लागल्या, पाटीवर आपल्या नावाचे पहिले अक्षर गिरवू लागल्या. गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. मोतीलाल दलाल चॅरिटेबल ट्रस्टने तिला हातभार लावला. शिकवायला गावचीच एक सून पुढे आली आणि तिच्या विद्यार्थिनींत तिच्या सासूबाईही बसल्या. देशोदेशींच्या वार्ताहरांनी या शाळेची छायाचित्रे काढून नेली.

छायाचित्रे पाहताना कौतुक वाटते आणि ते रास्तच आहे. परंतु इतिहासाकडे वळणाऱ्या मनात त्या कौतुकापाठोपाठ एक अवघड प्रश्न उभा राहतो. साठ ते नव्वद वर्षांच्या या स्त्रिया साधारणपणे १९२६ ते १९५६ या काळात जन्मलेल्या. त्यांचे शाळेत जाण्याचे वय झाले तेव्हा मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचे कायदे नव्हते असे नाही. १९२३ चा कायदा होता, त्यातील १९३८ ची मोठी सुधारणा होती, १९४७ चा नवा कायदा होता आणि सर्वांत लहान आजी शाळेच्या वयात होती तेव्हा, १९६२ साली, जिल्हा परिषदाही स्थापन झाल्या. मग मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर असलेल्या या गावातील मुली शाळेच्या उंबऱ्याबाहेर का राहिल्या?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जिल्ह्याच्या शिक्षणकारभाराचे जुने दप्तर उघडावे लागते. आपण ख्रिस्ती कुटुंबे बहुधा धर्मग्रामाच्या शाळेत शिकलो. तिथे शाळेचा व्यवस्थापक म्हणजे धर्मगुरू किंवा सिस्टर, आणि त्यांच्या कार्यालयाचे अंतर म्हणजे चर्चचे अंगण. तक्रार असो की विनंती, रविवारच्या मिस्सानंतर ती सांगता येत असे. परंतु आपल्या अवतीभवतीच्या बहुसंख्य मुलांची शाळा ही सरकारची, बोर्डाची किंवा जिल्हा परिषदेची आणि तिचा व्यवस्थापक दूर ठाण्याला. आपल्यापैकी कितीतरी घरांतील शिक्षक-शिक्षिकांनी अशा शाळांत आपली उमेद घालवली आहे. त्या कारभाराचा इतिहास आपल्याला परका नाही.

दोन तालुके

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन शेजारी तालुके. शहापूरच्या माथ्यावर माहुलीचा किल्ला, मुरबाडच्या पाठीशी सिद्धगड, गोरखगड आणि माळशेज घाट. शहापुरातून लोहमार्ग गेला. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ओलांडून तो १८६१ साली कसाऱ्यास पोहोचला आणि १८६५ साली थळ घाट चढून पुढे गेला. मुरबाडला रेल्वे मिळाली नाही. शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाऊ लागले, पुढे वैतरणा आणि भातसा या नद्यांचे पाणीही त्याच दिशेने गेले. पाणी, लाकूड, कोळसा, गवत आणि माणसांची मेहनत या तालुक्यांतून सहज शहराकडे उतरत राहिली. शाळेला मात्र उलट, शहराकडून डोंगराकडे चढायचे होते.

इथली वस्ती कुणबी, आगरी, मराठा यांच्या गावांची, तशीच महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आणि वारली यांच्या पाड्यांची. गाव आणि पाडा यांतील अंतर नकाशावर बोटभर दिसते, पण मध्ये ओढा असतो, आणि तो ओढा पावसाळ्याचे चार महिने शाळेपेक्षा मोठा असतो. या अंतराचा विचार केल्याशिवाय इथल्या शिक्षणाचा कोणताही हिशेब जुळत नाही.

एक आणा आणि दिपोटीसाहेब

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. त्यापूर्वी मराठी शाळांच्या तपासणीचे काम बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग यांसारख्या विद्वानांनी केले होते. आता खात्याचा संचालक, त्याखाली इन्स्पेक्टर आणि त्याखाली डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड झाली. खेड्याने त्या डेप्युटीचे ‘दिपोटी’ करून टाकले. दिपोटी घोड्यावरून किंवा बैलगाडीतून यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे आणि हजेरीपट तपासून शेरा लिहायचे. पंतोजींचे भवितव्य त्या शेऱ्यावर लटकलेले असे. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जायची, फळा काळा व्हायचा आणि एरवी न दिसणारी मुले त्या दिवशी बाकावर दिसायची. तपासणी म्हणजे शाळेचा एक दिवस नटवणे, ही सवय आपल्या कारभाराला तेव्हापासून जडली ती अजून पुरती सुटलेली नाही.

या शाळांचा खर्च कुठून येई? १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवण्यात आली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखण्यात आला. म्हणजे शिक्षणाचा पैसा शेतकरी देत होता. पण शाळा मोठ्या गावात, बाजारपेठेत, जिथे मुळातच अक्षरओळख असलेली घरे होती तिथे निघत. पट्टी पाड्यावरून वसूल होई आणि शाळा कसब्यात भरे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेल्या निवेदनाचा रोख हाच होता. कर देणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शिक्षण मिळत नाही आणि शिक्षक शक्य तितके शेतकरी वर्गातून घडवावेत, म्हणजे ते त्या लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांनी सुचवले. शिक्षक कुठून येतो आणि कुठे राहतो हा शिक्षणव्यवस्थेचा मुख्य प्रश्न आहे, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते.

बोर्डाच्या हाती की सरकारच्या?

१८८४ च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. शाळांचा खर्च बोर्डाच्या खात्यावर पडू लागला, पण शिक्षकांवरचा अधिकार प्रत्यक्षात शिक्षण खात्याकडेच राहिला. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला, तो नगरपालिकांपुरता. खेड्यांपर्यंत जाणारा कायदा १९२३ साली, रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना आला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवला. शाळा लोकांच्या, तेव्हा कारभारही लोकप्रतिनिधींचा, असे हे सरळ तत्त्व होते.

तत्त्व चांगले होते, पण अनुभव संमिश्र निघाला. बोर्डावर निवडून येणारे लोक तालुक्यातील सधन, जमीनदार आणि वकील वर्गातील होते. शिक्षकाची नेमणूक, बदली आणि बढती हे निवडणुकीचे चलन बनले. ज्या शिक्षकाचे पाठीराखे प्रबळ तो रस्त्यालगतच्या गावी राही, ज्याला कोणी नाही तो डोंगरात जाई, आणि डोंगरात गेलेला शिक्षक तिथून सुटण्याचीच वाट पाही. पाड्यावरच्या मुलाला मत नव्हते आणि त्याच्या बापालाही नव्हते, कारण मताधिकार मालमत्तेवर होता. ‘लोकांचा कारभार’ या शब्दांत पाड्यावरचे लोक धरलेलेच नव्हते.

बाळासाहेब खेर

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. पंतप्रधान झाले बाळ गंगाधर खेर. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यास पंतप्रधान म्हणत. रत्नागिरीत १८८८ साली जन्मलेले बाळासाहेब व्यवसायाने सॉलिसिटर, वृत्तीने साधे, आणि सविनय कायदेभंगात तुरुंगवास भोगलेले. त्यांनी शिक्षण खाते स्वतःकडे ठेवले. मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने वर्धा शिक्षणयोजनेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडे आले. शिक्षणसुधारणेची कारकीर्द म्हणावी अशी कारकीर्द महाराष्ट्राच्या राजकारणात थोड्यांची आहे, त्यांत बाळासाहेबांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांनी केलेले पहिले मोठे काम आज वाचताना चकित करते. आयुष्यभर स्वराज्यासाठी झगडलेल्या या माणसाने १९३८ च्या दुरुस्तीने स्कूल बोर्डांचे बरेच अधिकार काढून सरकारकडे घेतले. बोर्डाचा प्रशासकीय अधिकारी सरकारी नोकर झाला, शाळातपासणी पुन्हा सरकारकडे आली आणि शिक्षकांच्या नेमणुका-बदल्यांतील मनमानीला आळा घालण्याची व्यवस्था झाली. स्थानिक स्वराज्याचा हा संकोच आहे अशी टीका झाली, आणि तत्त्वतः ती खोटी नव्हती. पण स्थानिक स्वराज्य स्थानिक बलदंडांचे झाले तर दुबळ्याने न्याय कोणाकडे मागावा, हा खेरांपुढचा प्रश्नही खोटा नव्हता.

याच मंत्रिमंडळाने आय. सी. एस. अधिकारी डेव्हिड सिमिंग्टन यांना आदिवासी भागाची पाहणी करण्यास सांगितले. १९३५ च्या कायद्याखाली ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ म्हणून ठरवलेल्या भागांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि शहापूर तालुके, मोखाडा आणि उंबरगाव पेटे होते. सिमिंग्टन यांच्या अहवालाने वेठ, सावकारी आणि लग्नगडीची पद्धत सरकारी कागदावर आणली. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सत्तेतून उतरलेले बाळासाहेब वकिलीकडे परत जाऊन स्वस्थ बसले नाहीत. १९४० साली त्यांनी ठाणे जिल्ह्यासाठी आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. गुजरातेत दाहोदला ठक्करबाप्पांनी १९२२ पासून चालवलेल्या भील सेवा मंडळाचा आदर्श समोर होता. बोर्डीचे आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखे शिक्षक या कामात होते. वसतिगृह हा मंडळाच्या कामाचा गाभा राहिला. शाळा पाड्यावर जात नसेल तर पाड्यावरच्या मुलाला शाळेजवळ आणून जेवू घालावे, निजू द्यावे, हा त्यातला विचार होता.

१९४६ साली बाळासाहेब पुन्हा मुख्य झाले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची रचना नव्याने झाली आणि सक्तीच्या शिक्षणाचा कार्यक्रम आखला गेला. पण सक्ती सुरू झाली ती मोठ्या गावांपासून. कारभाराच्या दृष्टीने ते सयुक्तिक होते, कारण इमारत, शिक्षक आणि पैसा यांची तूट होती. परिणाम मात्र जुनाच झाला : सर्वांत दूरचा सर्वांत शेवटी. फांगण्याच्या आजींपैकी ज्यांचे बालपण या वर्षांत गेले, त्यांच्या आयुष्यात ‘शेवटी’ हा शब्द ‘कधीच नाही’ असा उतरला.

लग्नगड्याचे मूल

शाळा जवळ असती तर सर्व मुले आली असती काय? याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच द्यावे लागते. लग्नासाठी सावकाराकडून थोडीशी रक्कम उचलायची आणि तिच्या फेडीसाठी जन्मभर त्याच्या घरी राबायचे, ही लग्नगडीची रीत ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात रुळलेली होती. नवऱ्यामागून बायको राबे आणि मूल चालू लागले की धन्याची गुरे वळू लागे. अशा मुलाला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू करायचा तर सक्ती कोणावर करणार? बापावर दंड बसवला तर तोही धन्याकडूनच उचलणार!

हे चक्र तोडण्याचे श्रेय शाळेला नाही, हेही इतिहासाने नोंदवले पाहिजे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव पट्ट्यातील वारल्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ती हकिगत आहे. आदिवासी सेवा मंडळाचे संस्थापकच मुख्य असलेल्या सरकारच्या काळात या आंदोलनावर पोलिसी कारवाई झाली, हा विरोधाभास लपवून बाळासाहेबांचे चरित्र सांगता येणार नाही. त्यांनी मुलाला वसतिगृह दिले, पण बापाने मान वर केली तेव्हा त्यांचे सरकार बिचकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

त्याआधी, २ जानेवारी १९४३ रोजी, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले होते. भूमिगत लढ्यात उतरण्यापूर्वी माथेरानच्या या तरुण वकिलाने परिसरातील खेड्यांत शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माणसाचे ऋण आणि माणसाचे अज्ञान ही एकाच दोरीची दोन टोके आहेत, हे त्यांनीही जाणले होते. देशभर वेठबिगारी कायद्याने संपली ती थेट १९७६ साली, आणि त्यानंतरही ठाणे जिल्ह्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांना विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना यांमार्फत वेठबिगार सोडवावे लागले.

जिल्हा परिषद आली

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्राने १९६१ चा कायदा केला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. स्कूल बोर्ड गेले. लंबक पुन्हा लोकप्रतिनिधींकडे झुकला, पण या वेळी प्रौढ मताधिकार होता, म्हणून ही परतफेड १९२३ च्या पुनरावृत्तीपेक्षा चांगली होती. जिल्ह्याला शिक्षण समिती आणि शिक्षणाधिकारी आले, तालुक्याला पंचायत समिती आली. पुढे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखाली विस्तार अधिकारी, आणि १९९४ च्या शासन निर्णयाने दहा-बारा शाळांच्या गटामागे एक केंद्रप्रमुख असे जाळे विणले गेले. दिपोटीचे घोडे जाऊन केंद्रप्रमुखाची मोटारसायकल आली.

दुसरीकडे आश्रमशाळांची वाट निघाली. १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांच्या आणि १९७२-७३ पासून शासनाच्या आश्रमशाळा आदिवासी भागात उभ्या राहू लागल्या. कालांतराने त्या आदिवासी विकास विभागाकडे गेल्या. शहापूरला त्या विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे. त्यामुळे एकाच पाड्यावरच्या दोन भावंडांपैकी धाकट्याची शाळा एका खात्याकडे आणि थोरल्याची दुसऱ्या खात्याकडे असे दृश्य दिसू लागले. जे मूल एका शाळेतून गळते आणि दुसऱ्या शाळेत पोहोचत नाही, ते कोणत्याच खात्याच्या पटावर राहत नाही.

या सर्व रचनेत अधिकाऱ्याचा वेळ कशात जातो? माहिती गोळा करण्यात, तक्ते भरण्यात, बैठकांत, बदल्यांच्या अर्जांत. २०१७ च्या शासन निर्णयानंतर शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्या संगणकाद्वारे होऊ लागल्या आणि शाळांची ‘सर्वसाधारण’ व ‘अवघड’ क्षेत्र अशी वर्गवारी झाली. शिफारशीच्या चिठ्ठीला आळा बसला हे चांगले झाले, खेरांनी १९३८ मध्ये जे साधू पाहिले त्याचाच हा नवा अवतार. पण संगणक शिक्षकाला पाड्यावर पाठवू शकतो, त्याचे मन पाड्यावर रमवू शकत नाही. कातकरी मूल घरी जी बोली बोलते ती त्याला कळते का, हे संगणक विचारत नाही. जोतीरावांचा १८८२ चा प्रश्न तिथेच उभा आहे.

शाळा चालत गेली

मग यश कुठे आले? दप्तर चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. कायद्याने शाळा उघडली, पण मूल शाळेत आले ते कोणीतरी आपली खुर्ची सोडून त्याच्यापर्यंत चालत गेले तेव्हा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना अशी जन्मली. मोठी मुले गुरे वळायला जात, तेव्हा शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा भरू लागली. लग्नगड्याच्या मुलाच्या हातातील काठी हिसकावून न घेता त्याच्या दुसऱ्या हातात खडू देण्याचा तो प्रयोग होता. कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. पण या प्रयोगाचा धडा सह्याद्रीच्या पायथ्याच्या प्रत्येक तालुक्याला लागू आहे.

दुसरा धडा वीटभट्टीचा. दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडमधील कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुले अर्थातच बरोबर जातात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते आणि शेवटी ते नाव कमी होते. १९९० च्या दशकात विधायक संसदेने भट्टीवरच शाळा भरवायला सुरुवात केली. भट्टीवरच्या मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत असते, मजुराचे वर्ष भट्टी पेटण्यापासून विझण्यापर्यंत असते. या दोन पंचांगांचा मेळ बसवल्याशिवाय त्या मुलाला शिक्षण नाही, ही साधी गोष्ट शिक्षण खात्याच्या आधी एका संघटनेने ओळखली.

तिसरा धडा फांगण्याचा. तिथे कोणते नवे खाते आले नाही, नवा कायदा झाला नाही. जिल्हा परिषदेचा एक शिक्षक आपल्या गावातील बायकांचे बोलणे ऐकत होता. आम्हालाही वाचता आले असते तर, ही त्यांची हळहळ त्याने कानाआड केली नाही, एवढेच. परंतु ‘एवढेच’ हीच दीडशे वर्षांच्या कारभारातील सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

आजचा हिशेब

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. १८५५ पासून चालत आलेल्या दप्तरात प्रथमच अंतर हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला गेला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, हेही याच कायद्याने सांगितले.

आणि तरीही २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. या धोरणामागे काहीच तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाच मुले आणि एक शिक्षक असलेल्या वर्गात मुलाला सवंगडी मिळत नाहीत, खेळ मिळत नाही, आणि शिक्षक रजेवर गेला की कुलूप लागते. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि अधिक शिक्षक देता येतात. खेरांनीही वसतिगृह काढून मुलाला मोठ्या शाळेजवळच आणले होते.

पण खेरांनी आधी जेवण आणि निवारा दिला, मग मुलाला आणले. शाळा आधी बंद करायची आणि वाहनाची व्यवस्था नंतर पाहायची, असे झाले तर ओढ्यापलीकडच्या सहा वर्षांच्या मुलीचे काय होईल, हे सांगायला नवा आयोग नको. ते आपल्याला ठाऊक आहे. ती घरी राहील, धाकट्या भावाला सांभाळील आणि पुढे एखाद्या दिवशी गुलाबी साडी नेसून पाटीवर आपल्या नावाचे पहिले अक्षर गिरवील. तेव्हाही तिची छायाचित्रे निघतील.

दीडशे वर्षांत शाळेची मालकी खात्याकडून बोर्डाकडे, बोर्डाकडून सरकारकडे, सरकारकडून जिल्हा परिषदेकडे अशी फिरत राहिली. प्रत्येक वेळी सुधारकांचा हेतू चांगला होता आणि प्रत्येक बदलाने काही दोष दूरही झाले. पण अधिकार कोणाच्या हाती, या वादात अधिकारी कोणाच्या दारी, हा प्रश्न मागे पडत गेला. जिल्ह्याच्या शिक्षणाची धुरा वाहणाऱ्याचे मोठेपण त्याने काढलेल्या परिपत्रकांवर मोजू नये. पटावरून नाव कमी झालेल्या मुलाच्या दारापर्यंत तो किंवा त्याचा माणूस किती वेळा गेला, यावर मोजावे. तो हिशेब ठाण्याच्या कार्यालयात मांडता येत नाही. तो ओढ्यापलीकडच्या पाड्यावरच मांडावा लागतो, आणि पावसाळ्यात मांडावा लागतो.

फांगण्याच्या आजीबाईंना ही सगळी कायद्यांची सनावळी ठाऊक असण्याचे कारण नाही. पण पंचाहत्तर वर्षांच्या वयात त्यांनी पाटीवर काढलेले वाकडेतिकडे अक्षर हा त्या सनावळीवरचा शेरा आहे. एके काळी दिपोटीसाहेब शाळेच्या वहीत शेरा लिहून जात असत. या वेळी शेरा विद्यार्थिनींनी लिहिला आहे, आणि तो वाचण्याची पाळी दिपोटीसाहेबांची आहे.